हात कानाला लागला म्हणजे सहा पूर्ण

नागपूरहून सौंसरला बस दोन-अडीच तासांत पोचते. नागपूरचे लोक याला प्रवास म्हणत नाहीत. सकाळी जाऊन लग्न गाठून संध्याकाळी घरी परततात. मी म्हणते, कारण माझ्या शेजारी खिडकीत बसलेल्या सुझनला सौंसरला परत यायला जवळजवळ सगळे आयुष्य लागले होते, आणि ती आपणहून आली नव्हती.

सुझन कोण, ते आधी सांगते. सौंसरच्या कडेला पूर्वी टाकून दिलेल्या मुलांचा एक आश्रम होता. तिथे तिचे नाव सुमन. लहानपणीच एका अमेरिकन जोडप्याने तिला दत्तक नेले आणि सुमनची सुझन झाली. शाळा, नोकरी, लग्न, घटस्फोट, एक मुलगी, सगळे तिकडेच. आईवडिलांनी तिच्यासाठी सगळे केले, फक्त तिच्या नागरिकत्वाचा अर्ज केला नाही. दत्तक घेतली म्हणजे आपली झाली, असे त्यांना वाटले. कोणालाही वाटेल. पुढे तिकडे कायदा झाला की परदेशातून दत्तक आणलेली मुले आपोआप नागरिक होतील. मात्र कायदा लागू झाला त्या दिवशी ज्यांना अठरा पूर्ण झाली होती, त्यांना वगळले. कागदानुसार सुझन त्या दिवशी अठरा वर्षे आणि जवळजवळ आठ महिन्यांची होती.

नंतर खोट्या सह्यांच्या एका प्रकरणात तिला शिक्षा झाली. ती निर्दोष नव्हती आणि माझा मुद्दा तो नाही. नागरिक असती तर शिक्षा भोगून घरी गेली असती. नव्हती, म्हणून तिला विमानात बसवून, जिथली भाषा तिला येत नाही अशा देशात आणून सोडले. त्याला सहा वर्षे झाली. तिची मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती.

माझ्या वडिलांचा कोल्हापूरकडे छोटा छापखाना आहे. जेवायला बसण्याआधी पत्रकांच्या घड्या घालायच्या, असे आमचे घर. अन्याय म्हटला की माझ्यासमोर मोर्चा येतो, लाठ्या येतात. इथे कोणी कोणाला मारले नव्हते. एका रकान्यात एक तारीख लिहिली होती, बस्स.

तिकडच्या एका वकीलबाई सुझनचे प्रकरण विनामूल्य बघतात. त्यांना जुन्या कागदांत दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी मिळाली: मुलीचे दात कागदावरच्या वयापेक्षा वर्षभराने लहान मुलीचे दिसतात. वकीलबाईंनी कळवले, ही जन्मतारीख कोणी आणि कशावरून लिहिली ते शोधा. सुझन आठ महिन्यांनी जरी लहान निघाली, तरी ती त्या दिवसापासून तिकडची नागरिकच होती आणि तिला हाकलायचा अधिकार कोणालाच नव्हता. मग ती मुलीकडे परत जाऊ शकते.

एवढ्यासाठी आम्ही निघालो. नागपुरात ज्या क्लासमध्ये ती इंग्रजी बोलायला शिकवते, तिथेच मी मराठी शिकवते. दुभाषी म्हणून मी सोबत.

सौंसर, पहिला दिवस

सावनेर मागे पडून मध्य प्रदेश लागला की दुकानांच्या पाट्या हिंदी होतात, पण पाटीखाली बसलेला दुकानदार मराठीच बोलत असतो. रस्त्यावर कापसाच्या गाड्या, बांधाला संत्र्याचे क्रेट रचलेले, आणि बसमध्ये सालींचा वास. सुझन सगळे बघत होती. काही आठवतेय का, असे मी दोनदा विचारले. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली.

आमचा मुक्काम विमलताईंकडे. त्या माझ्या मैत्रिणीची मावशी, सरकारी शाळेत शिक्षिका. त्यांचे यजमान रामरावकाका कापसाचे अडते. दारातच ताईंनी सुझनचे दोन्ही हात धरले. "ये वं माय. किती वाळून गेली! जेवली नाई का तिकडं?"

तुरीच्या कोवळ्या सोल्यांची भाजी, भरीत, ज्वारीची भाकर. कोल्हापूरकडच्या माणसाला तिखटाचा गर्व असतो. दुसऱ्या घासाला माझा उतरला. सुझन मात्र शांतपणे जेवत होती. काका बघत राहिले. "पाहा, हे खरी इथली. तुम्हीच पाहुण्या."

मग कामाचे निघाले. "जन्मतारीख काय लिवली हाय हिची?" काकांनी विचारले.

"एक जुलै."

काका हातातला घास ठेवून हसायला लागले. "घ्या! घरचीच पोरगी निघाली. माही एक जुलै, हिची एक जुलै, माह्या दोन्ही भावायची एक जुलै. आमच्या घरी वाढदिवसाले केक एकच लागते."

"थो एकही यायनं कधी आनला नाई," विमलताई म्हणाल्या.

शाळा जुलैत उघडायची. आई पोराला घेऊन यायची. जन्म कधीचा, तर पोळ्याच्या आसपासचा, नाहीतर पूर आला त्या सालचा. गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचे. बोटे डाव्या कानाला लागली की सहा वर्षे पूर्ण. दाखल्यावर तारीख एक जुलै, आणि साल मागे मोजून. आमच्याकडे हीच तारीख एक जून असते. माझे वडीलही एक जूनचेच. आम्ही यावर हसतो. मीही हसत होते आणि हसतच सुझनला इंग्रजीत सांगत होते.

तिचे जेवण थांबले. तिने उजवा हात डोक्यावरून नेला आणि डावा कान धरला.

"मला इथले एवढेच आठवते," ती म्हणाली. "एका माणसाने माझा हात असा नेला. कान सापडला तेव्हा सगळे हसले आणि मला गुळाचा खडा दिला. मला वाटायचे, हा इथला एखादा खेळ असेल."

काकांचे हसू गेले. विमलताई हळूच म्हणाल्या, "कळंबे गुरुजी. आश्रमाचे सेक्रेटरी तेच होते, पोरायचे कागदबी तेच भरत. मले बी त्यायनंच शाळेत टाकलं. जित्ते हायेत, लोधीखेड्याले, पोराजवळ."

पांढुर्णा, दुसरा दिवस

गुरुजींकडे जाण्याआधी एखादा सरकारी कागद मिळतो का ते बघावे, म्हणून पांढुर्ण्याला गेलो. जीपमध्ये जामसावळीच्या हनुमानाचे दर्शन घेऊन निघालेली मंडळी होती. एका म्हातारीने सुझनच्या हातावर प्रसाद ठेवला आणि तोंड जवळ आणून विचारले, "कोनाची वं तू?"

आमच्या गावात कोण, कुठली, असे विचारतात. इथे कोणाची. सुझनने माझ्याकडे पाहिले. मी खोटा अर्थ सांगितला. म्हटले, तुझे गाव विचारतेय. सुझन हसून "सौंसर" म्हणाली. म्हातारीचे समाधान झाले नाही, पण तिने आणखी एक बत्तासा दिला.

पांढुर्णा आता जिल्ह्याचे ठिकाण झाले आहे. कचेरीतला कारकून माणूस बरा होता. जुनी रजिस्टरे अजून जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत, असे त्याने सांगितले आणि मग टाकून दिलेल्या मुलीची नोंद त्यातही नसते, हेही सांगितले. "आई-बाप आले तर नाव चढते ना मॅडम. बिना आई-बापाचं कोन चढवणार?"

सुझनकडे आज कागद म्हणून एकच आहे: लहानपणचा भारतीय पासपोर्ट, केव्हाच मुदत संपलेला. फोटोत मोठ्या डोळ्यांची मुलगी, शेजारी एक जुलै. कारकुनाने तो उलटसुलट करून पाहिला आणि हिंदीत शेजाऱ्याला म्हणाला, "लोग अमेरिका जाने को मर रहे हैं, ये वहाँ से आ गई." शेजारी हसला. सुझनला हिंदी येत नाही, हसणे कळते.

परतताना जाम नदीच्या पुलावर थांबलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे दोन काठांवरचे लोक एकमेकांना दगड मारतात, हे मी तिला सांगितले. "दोन्हीकडून?" तिने विचारले. मी हो म्हटले. ती पात्रातल्या दगडांकडे बघत राहिली, आणि माझ्या लक्षात आले की हे मी सांगायला नको होते.

लोधीखेडा, तिसरा दिवस

इथून पुढचे लिहायला मला जड जाते आहे.

कळंबे गुरुजी ओसरीवर उन्हात खुर्चीत बसले होते. नव्वदीला आलेले, कानाला यंत्र, पण आवाज अजून वर्गातला. विमलताईंनी पाया पडून ओळख सांगितली. मग सुझनला पुढे केले.

"आश्रमातली सुमन, गुरुजी. अमेरिकेले गेली होती ते."

गुरुजींनी डोळ्यांवर हात धरला. "सुमन? लांब हाताची?"

सुझनने कान धरून दाखवला. म्हातारा खुर्चीतल्या खुर्चीत उसळला. "हाव! हेच! ओढावं लागलं नाई हिले. पटकन लागला हात. मी म्हटलं, सहा पूर्ण!"

मी वही काढली होती. विचारले, "खरेच सहा पूर्ण होती का, गुरुजी?"

"कायची सहा!" त्यांनी आनंदाने मांडीवर थाप मारली. "मथुराबाई होती ना, आश्रमात पोरं सांभाळायची, ते म्हने, गुरुजी, हिले येत्या पोळ्याले पाच होतील. माह्याच मांडीवर वाढली, मले ठाऊक नाई? मी म्हटलं, हात लागून राहिला तर बसू दे शाळेत. मथुराबाईले दुपारची तेवढीच उसंत. एक वर्ष इकडं का तिकडं, काय फरक पडते?"

येत्या पोळ्याला पाच. मी बोटांवर मोजले आणि पुन्हा मोजले. म्हणजे कायद्याच्या त्या दिवशी सुझन साडेसतरा वर्षांची होती. मथुराबाई आता नाहीत, असे विमलताईंनी सांगितले. पण त्यांचे ते वाक्य कानाने ऐकलेला माणूस समोर बसला होता. सुझनला नागरिक ठरवणारे वाक्य माझ्या वहीत उतरले होते. आता ते फक्त शपथेवर हवे होते.

मी एवढेच म्हणायला हवे होते: गुरुजी, हे लिहून द्याल का?

मी उभी राहिले. म्हणाले, "काय फरक पडते? तुम्ही खोटी नोंद केलीत, गुरुजी. स्वतःच्या सोयीसाठी. या बाईला बेड्या घालून विमानात बसवले. सहा वर्षे तिने मुलीला जवळ घेतलेले नाही. हा फरक पडतो. हा गुन्हा आहे." आणखीही बोलले. चांगले बोलले असणार, कारण शेजारच्या ओसऱ्यांवर माणसे गोळा झाली. विमलताई माझा पदर ओढत होत्या. मी तो सोडवून घेतला.

आतून गुरुजींचा मुलगा आला. अरुणभाऊ. सरकारी नोकरीतून नुकताच निवृत्त. "कोन गुन्हा केला? बाबांनी?" त्याचा आवाज शांत होता. "बाई, अर्ध्या तालुक्याच्या तारखा बाबांनी लिहिल्या. मास्तर झाले, पटवारी झाले, पोलीस झाले. माही बी त्यायनंच लिहिली. उद्या कोर्टात खोटी ठरली तर कोनाकोनाची नोकरी खोटी ठरते, हिसाब केला का?"

"मी सत्याबद्दल बोलते आहे," मी म्हणाले.

"तर मंग तुमच्या वहीत ठेवा ते."

त्याने बापाला हाताला धरून उठवले. गुरुजी जाताना सुझनकडे वळून बघत होते. मी काय बोलले ते त्यांना नीट ऐकूही आले नसावे. कानाचे यंत्र मधेच कधीतरी निसटून खाली लोंबत होते. गुन्हा हा शब्द मात्र पोचला होता.

बसमध्ये सुझनने विचारले, "आधी तो हसत होता. तू त्याला काय सांगितलेस?"

मी तिला सगळे सांगितले. मथुराबाईंचे वाक्यही. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्हणजे मी सप्टेंबरातली." मग म्हणाली, "तू न्यायाधीशासमोर बोलल्यासारखी बोललीस. तो न्यायाधीश नव्हता. तो माझा साक्षीदार होता."

सौंसर, चौथा दिवस

सकाळी विमलताई आणि सुझन दोघीच लोधीखेड्याला गेल्या. मला घरी ठेवले. रामरावकाकांनी माझ्यापुढे पोह्यांची ताटली सरकवली आणि म्हणाले, "खाऊन घे वं. गुरुजीले गुन्हेगार म्हननारी पहिलीच पाह्यली मी. आमी तर छडी खाऊनबी नाई म्हटलं." ते चिडले नव्हते. चिडले असते तर बरे वाटले असते.

दुपारी विमलताईंचा फोन आला: तहसीलच्या आवारात ये, गुरुजी सही द्यायला तयार आहेत. मी धावतच गेले. नोटरीच्या टेबलाशी गुरुजी बाकावर बसले होते, सुझन त्यांच्या शेजारी, आणि अरुणभाऊ टायपिस्टच्या खांद्याशी उभा राहून मजकूर सांगत होता. शपथपत्र हिंदीत. मी वाचले. उक्त बालिका की जन्मतिथि मैंने अनुमान से, प्रचलित रीति के अनुसार लिखी थी। वास्तविक जन्मतिथि मुझे ज्ञात नहीं।

पुढे काही नव्हते.

"मथुराबाईंचे वाक्य?" मी विचारले. या वेळी हळू.

"एवढंच मिळते," अरुणभाऊ म्हणाला. "बाबा त्या बाईसाठी आले, तुमच्यासाठी नाई. अंदाजानं लिहिली, हे सांगनं ठीक. मालूम असून चुकीची लिहिली, हे माहा बाप शपथेवर सांगनार नाई. गुन्हा तुम्हीच म्हटला ना त्याले?"

मी गुरुजींसमोर खाली बसले. "गुरुजी, मथुराबाई काय म्हणाल्या होत्या?"

त्यांनी मुलाकडे पाहिले, मग आपल्या चपलांकडे. "कोन मथुराबाई? आठवत नाई आता."

मी त्यांचे पाय धरले. आमच्या घरात कोणी कोणाच्या पाया पडत नाही. वडिलांचा तो पहिला नियम. मी पाय धरून माफी मागितली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला, पण आठवले काहीच नाही.

टायपिस्टला मधले काही माहीत नव्हते. त्याने रिकामी जागा भरायला घेतली. "शपथकर्त्याचं नाव झालं, पत्ता झाला. जन्मतारीख सांगा बाबाजी."

"एक जुलै," गुरुजी म्हणाले.

टायपिस्ट फसकन हसला. "तुमचीबी?"

"आमच्या गुरुजींनी बी हातच धरला होता बाप्पा. दुसरं काय होतं त्यायच्याजवळ?"

सुझनने मला विचारले, मी अर्थ सांगितला. ती हसली नाही. गुरुजींनी सही केली, ठसा उमटला. मग ते सुझनकडे वळले. "किती शिकली बेटा?"

मी विचारून सांगितले: बारावी आणि पुढे दोन वर्षे.

"पाहा!" त्यांचा चेहरा उजळला. "मी म्हटलंच होतं मथुराबाईले, पोरगी हुशार हाय, बसू दे."

नाव त्यांच्या तोंडून गेले होते. अरुणभाऊने ऐकले, टायपिस्टनेही ऐकले. कागदावर तोवर ठसा पडला होता, आणि अरुणभाऊने बापाला उठवले होते.

नागपूर, परतल्यावर

वकीलबाईंचे उत्तर यायला बरेच आठवडे लागले. शपथपत्रामुळे तारीख अंदाजाने लिहिली एवढे सिद्ध होते. सुझन लहान होती, हे होत नाही. अंदाज चुकला तर दोन्ही बाजूंनी चुकू शकतो, ती मोठीही असू शकते. दातांची चिठ्ठी एकटी पुरणार नाही. सिद्ध करायची जबाबदारी तिची आहे. मथुराबाई मुलीच्या वयाबद्दल काय म्हणाली, याचा साक्षीदार आहे का?

माझी वही आहे. मी ती पाठवली. ऐकीव, त्यात सुझनच्याच मैत्रिणीची, म्हणून ती धरत नाहीत. विमलताईंनीही गुरुजींच्या तोंडून ते ऐकले होते, आणि गावच्या शिक्षिकेच्या शब्दाला थोडे तरी वजन आले असते. त्यांनी लिहून द्यायची तयारी दाखवली, मग दोन दिवसांनी रडत फोन केला. निवृत्तीला वर्ष उरले आहे, त्यांची स्वतःची तारीख त्याच हातची आहे. मी त्यांना काही बोलले नाही. बोलायचे ते सगळे मी लोधीखेड्यात बोलून चुकले आहे.

गुरुजींवर माझा राग आता उरलेला नाही, आणि हे मी मोठेपणाने म्हणत नाही. पोळ्याच्या आसपास एवढीच खबर असलेल्या पोराला शाळेत बसवायला त्यांच्याजवळ एक हात आणि एक कान होता. ज्या सरकारने त्या अंदाजावर एका आईला मुलीपासून तोडले, त्याच्याजवळ डॉक्टर होते, वकील होते, कोर्ट होते. मूल देशात घेताना त्याने विचारले नाही की ही आमची कोण. हाकलताना मात्र महिने मोजले. राग करायचा तर तिथे. तो मी भलत्या ओसरीवर खर्च केला.

परवा सुझनने मुलीला व्हिडिओवर कान धरण्याचा खेळ दाखवला. सोळा वर्षांच्या पोरीने हात डोक्यावरून नेला. कान सहज सापडला. "सहा पूर्ण," सुझन मराठीत म्हणाली. मुलीला काही कळले नाही, पण ती खूप हसली.

आता आणखी एक कागद आला आहे. इथे राहायचे, खोली भाड्याने घ्यायची, कधी मुलीला तिसऱ्या एखाद्या देशात जाऊन भेटायचे, तर भारतीय पासपोर्ट हवा. तो मिळू शकतो. जुन्या पासपोर्टवरची जन्मतारीख लिहायची आणि वर दिलेली माहिती खरी आहे, अशी खाली सही करायची. वकीलबाईंनी बजावले आहे की ती सही झाली तर तिकडची फाईल कायमची बंद समजा. स्वतः सुझननेच तारीख खरी मानली असे होईल.

काल संध्याकाळी तिने फॉर्म काढला. नाव लिहिले, सुमन आणि सुझन दोन्ही. जन्मस्थान सौंसर लिहिले. मग पेन माझ्याकडे सरकवून विचारले, "तू खऱ्या-खोट्याची माणूस ना? सांग, काय लिहू?"

मी पेन घेतले नाही. तिने फॉर्म उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला.